चोरीला गेलेली वही

परमहंस सभेची सभासदांची वही १८६० च्या सुमारास चोरीला गेली. नावे गावभर झाली आणि सभा मोडली. आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात या घटनेला जेमतेम एक ओळ मिळते. पुढच्या ओळीत १८६७ साल उजाडते, प्रार्थना समाज स्थापन होतो आणि वाचक पुढे सरकतो. या दोन ओळींच्या मधे थांबायला हवे. हिंदू धर्मसुधारणेचे खरे दुखणे तिथेच आहे.

चोराने काय नेले ते पाहा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘धर्मविवेचन’ १८४३ सालीच लिहून झाले होते. सभेचा सगळा विचार त्यात होता. ईश्वर एक. मनुष्यमात्राचा धर्म एक. मनुष्यमात्राची जात एक. प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य. रोजचे वागणे विवेकाने. सनातन्यांना हादरवायचे तर हे हस्तलिखित चव्हाट्यावर आणायला हवे होते. ते कुणी पळवले नाही. पळवली ती वही. तीत धर्मचर्चेचा शब्दही नसेल. नुसती नावे असतील. पण कशाची किंमत किती हे नेणाऱ्याला बरोबर ठाऊक होते.

नावांची एवढी दहशत का होती? त्या वहीत नाव असणे हा एका कृतीचा पुरावा होता. सभेत येणाऱ्याला जातिभेद मानणार नाही असे वचन द्यावे लागे. तेवढ्यावर भागत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव इतरांसमक्ष खावा लागे. १८४९ साली मुंबईत सुरू झालेल्या या गुप्त सभेची प्रवेशपरीक्षा ही अशी होती. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. सभासद बहुतेक तरुण, इंग्रजी शिकलेले, बरेचसे नव्या शाळा-कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले. वचन मनातल्या मनात फिरवता येते हे त्यांना कळत होते. घशाखाली गेलेला घास फिरवता येत नाही.

आजचा पाव मनातून काढून टाका. वडापाव नाही, मिसळीबरोबर येतो तो नाही. १८४९ च्या ब्राह्मण, प्रभू, शेणवी घरातल्या मुलाला पाव म्हणजे कुणाच्या तरी हातांनी, कुणाच्या तरी पाण्यात मळलेले पीठ. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यालेले अख्खे गाव बाटले, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. ती घडली की नाही, हा प्रश्न वेगळा. ती लोकांना खरी वाटे, एवढे इथे पुरे. पाण्यात पडलेल्या तुकड्याने गावाचा धर्म जात असेल, तर जाणूनबुजून, दिवसाउजेडी शुद्धीत असताना चावून खाल्लेल्या तुकड्याने काय होणार?

त्याचे उत्तर मुंबईने ताजेच पाहिले होते. ‘धर्मविवेचन’ लिहून झाले त्याच वर्षी, १८४३ साली, श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण गाजले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. श्रीपत अजून मुलगाच. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. घरच्यांना मुलगा परत मिळाला, पण जातीने त्याला परत घेतले नाही. कारण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून जिवाचे रान केले, तर लोक बाळशास्त्र्यांवरच उलटले. त्या मुलाची येशूवर श्रद्धा आहे की नाही, हे कुणी फारसे विचारले नाही. त्याने काय आणि कुणाकडे खाल्ले, एवढेच विचारले.

परमहंस सभेच्या मंडळींनी हे नीट पाहिले होते. म्हणूनच त्यांनी परीक्षा ताटावर ठेवली. एकोणिसाव्या शतकात या देशात जेवढ्या धर्मसभा निघाल्या, त्यांत इतक्या अचूक जागी बोट ठेवणारी दुसरी माझ्या तरी माहितीत नाही. बाकीच्यांनी ईश्वराचे स्वरूप ठरवायला घेतले. यांनी पाव ठेवला.

पण दार लावून ठेवला, हेही खरे. पुरेसे सभासद झाले की उघड व्हायचे, असा बेत होता. तो दिवस आला नाही. मुंबईबाहेर शाखा निघाल्या, तरी दार बंदच राहिले. मग वही गेली.

त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाळीत पडणे म्हणजे काय हे आज सांगूनही पुरते कळणार नाही. श्राद्धाला भटजी येत नाही. न्हावी येत नाही. बहिणीचे ठरलेले लग्न मोडते. बायकोला माहेरची वाट बंद होते आणि पाणवठ्यावर तिच्या घागरीपासून इतर बायका घागरी दूर सरकवतात. घरात कुणी गेले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. पाव नवऱ्याने खाल्लेला असतो. तो खाताना बायकोला कुणी विचारलेले नसते, पण दंड रोज तीच भरते. हे सगळे समोर असताना त्या तरुणांनी निदान दाराआड तरी घास घेतला. त्यांचे मोल कमी होत नाही.

हिशेब मांडायचा तो पुढच्या सात वर्षांचा. वही गेल्यावर काय जपले आणि काय सोडून दिले?

३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. आत्माराम हे दादोबांचे धाकटे भाऊ. केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेले होते, त्यांच्या व्याख्यानांचा प्रभाव होता. पुढे न्यायमूर्ती रानडे आले, डॉ. भांडारकर आले. एक निराकार ईश्वर, त्याची सामुदायिक उपासना, अवतार नाहीत, मूर्तिपूजा नाही, संतांचे अभंग मात्र आहेत. हे सगळे राहिले, उलट अधिक शुद्ध, अधिक विद्वत्तापूर्ण झाले. जात मोडल्याचा पुरावा देण्याची अट तेवढी गेली. उपासना मंदिरात करावी, घरी देवघर आणि कुळाचार चालू ठेवावेत, हे समाजाला चालत होते. थोडक्यात, पाव गेला.

प्रार्थना समाजाने केलेले काम हलके नाही. रात्रशाळा, पंढरपूरचा अनाथाश्रम, ‘सुबोध पत्रिका’. ज्या मुलांना जन्मतःच टाकून दिले जात होते ती पंढरपुरात वाढली, हे पुण्य कुणी नाकारू शकत नाही. पण समाजाच्या सभासदांची यादी गिरगावच्या नाक्यावर मोठ्याने वाचून दाखवली असती, तरी त्या यादीमुळे कुणाच्या बहिणीचे लग्न मोडले नसते. १८६० ची वही तशी नव्हती. समाजाने त्या चोरीचा धडा घेतला होता, आणि तो असा, की पुन्हा चोरण्यासारखे काही लिहून ठेवायचे नाही.

समाज निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६८ साली, ‘धर्मविवेचन’ छापून बाहेर आले. पंचवीस वर्षे पेटीत राहिलेले पुस्तक. आधी पावाची अट गेली, मग पुस्तक उजेडात आले. हा क्रम मला फार बोलका वाटतो. दादोबांचा शोधही थांबला नाही. मराठीला व्याकरण देणारा हा बुद्धिमान माणूस १८७८ साली स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहीत होता. १८८० साली त्यांचे ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ आले. म्हणजे एका खऱ्या धर्माचा शोध अखेरपर्यंत चालू राहिला. त्या शोधाला कुणी अडवले नाही, वाळीत टाकले नाही, त्याची कागदपत्रे कुणी चोरली नाहीत. १८६० साली बंद पडले ते फक्त एकत्र खाणे.

ईश्वर एक आहे, असे म्हटल्याने हिंदू समाजात कधी कुणाचे काही बिघडलेले नाही. हे इथे सगळ्यांनी ऐकलेले आहे. वेदान्त्याने सांगितले, वारकऱ्याने सांगितले, सुफी फकिराने सांगितले. कीर्तनात माना डोलावायच्या आणि घरी येऊन आपापल्या पंगतीला बसायचे. सुधारकांची सर्वांत मोठी घोषणा ही त्यांची सर्वांत स्वस्त घोषणा होती. एकच खरा धर्म शोधण्याच्या कामाला अंत नसतो. नवा ग्रंथ येतो, नवा आचार्य येतो, नवी परिषद भरते. आणि तोवर कुणाच्या हातचे पाणी प्यायचे हा प्रश्न पुढच्या बैठकीवर जातो.

बंगालमध्ये याहून वेगळे घडले नाही. राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला वारले तेव्हा त्यांच्या अंगावर जानवे होते. १८२८ च्या ब्राह्म सभेत एका ईश्वराची उपासना सर्वांना खुली होती, पण वेदपठण बाजूच्या खोलीत चाले आणि त्या खोलीत ब्राह्मणेतराला प्रवेश नसे. ब्राह्म समाजात पहिली मोठी फूट पडली ती १८६६ साली. तिच्या मुळाशी आचार्यांच्या अंगावरच्या जानव्याचा वाद होता. ईश्वर एक की अनेक, यावरून कुणाचे भांडण नव्हते.

महाराष्ट्रातल्या सुधारकांनी स्वतःहून नावे पुढे केल्याचेही दाखले आहेत, आणि त्यांचा मान राखला पाहिजे. १८६९ साली मुंबईत विधवाविवाह लागला तेव्हा विष्णुशास्त्री पंडित, रानडे प्रभृतींनी निमंत्रणपत्रिकेवर उघड सह्या केल्या. शंकराचार्यांचा बहिष्कार आला. इथे यादी चोरायची गरजच उरली नव्हती. यादी करणारांनीच ती वाटली होती. त्या एका पत्रिकेने जेवढे काम केले तेवढे शंभर प्रवचनांनी केले नसेल. भांडारकरांनी १८९१ साली आपल्या विधवा मुलीचे लग्न लावले. तीही उघड सहीच होती.

पण १८९० साल पाहा. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आणली आणि पुण्यात जातबहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले. पुन्हा एक यादी. या वेळी ती छापलेली होती आणि तीत रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. मित्रांना त्रास नको म्हणून घेतले, हे खरे असेलही. पण वीस वर्षे एका ईश्वराची उपासना करणाऱ्या, त्या उपासनेचे तत्त्वज्ञान इंग्रजीत मांडणाऱ्या न्यायमूर्तींना त्या उपासनेबद्दल कधी प्रायश्चित्त घ्यावे लागले नव्हते. ते घ्यावे लागले एका पेलाभर चहाबद्दल. १८४९ चा पाव आणि १८९० चा चहा यांच्या मधे एक्केचाळीस वर्षांचे धर्मचिंतन आहे. सनातन्यांनी मागितलेला हिशेब मात्र तोच राहिला.

आता पुन्हा १८६८ कडे या. ‘धर्मविवेचन’ छापले गेले त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी त्यांनी सभा भरवली नाही, शपथ लिहिली नाही. हौद घराचा होता, लोक उघड्यावर पाणी भरणार होते, येणारा-जाणारा पाहणार होता. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, म्हणून चोरण्यासारखेही काही नव्हते. फुल्यांचा प्रार्थना समाजावरचा आणि ब्राह्म समाजावरचा राग पुष्कळांना कडवट वाटतो. मला तो या हौदापाशी उभे राहिल्यावर कळतो. पाणी मिळत नसलेल्या माणसाला निराकार ईश्वराचे वर्णन ऐकायला बोलावणे, याचा त्यांना संताप होता.

आणि खऱ्या धर्माच्या शोधाबद्दल सर्वांत धीट वाक्ये लिहिली तीही फुल्यांनीच. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिले. ते १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. नावातच सत्यधर्म आहे. तेव्हा वाचणाऱ्याला वाटेल, की सगळ्यांनी हाच धर्म घ्यावा असे लेखक सांगणार. त्या पुस्तकात एक कुटुंब आहे. बाईने बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे. आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता, प्रेमाने एकत्र राहावे. चार धर्म, एक घर. म्हणजे एक स्वयंपाकघर, एक पाण्याचा माठ. बाईचे नाव पहिले आहे आणि तिला ग्रंथ स्वतः वाचून निवडायचा आहे, हेही नजरेआड करू नका. परमहंस सभेत पाव खाणाऱ्याच्या बायकोला ही मुभा नव्हती. एकच धर्म सापडल्याशिवाय माणसे एकत्र येणार नाहीत, हे गृहीतच फुल्यांनी उलटे केले. आधी एका घरात राहा, मग ज्याला जे पटेल ते त्याने मानावे. इतरांना एकाच श्रद्धेची आस होती, यांनी एक घर मागितले.

एकत्र खाल्ल्याने जात जाते का, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली देऊन ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातला मजकूर पाहून मंडळ बिचकले, काही भाग वगळा म्हणाले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषदच रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. सहभोजनाने जात मेली नाही, असे त्यात स्पष्ट आहे. रोटीव्यवहार पुरत नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांचा अधिकार झुगारला पाहिजे. जे पावावर थांबतात त्यांना हे उत्तर आहे. इतिहासानेही आंबेडकरांचे म्हणणे खरे केले. गिरण्या आल्या, रेल्वे आली, शहरे वाढली आणि कुठल्याही सभेच्या मदतीशिवाय पाव सगळ्यांच्या पोटात गेला. आज महाराष्ट्रात पाव खाल्ल्याने कुणी बाटत नाही. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा स्टीलचा कप कित्येक सुशिक्षित घरांत अजून मोरीच्या कडेला वेगळा उपडा घातलेला असतो आणि लग्नाच्या जाहिरातीत पोटजातीचा रकाना आधी भरला जातो. ताटावरची परीक्षा सोपी झाली, ती आता लग्नावर येऊन थांबली आहे.

आणि लग्नाला वही आहे. या वहीची गोष्ट जुनी. ब्राह्म समाजाच्या मागणीवरून १८७२ साली नोंदणी विवाहाचा कायदा झाला. त्यात लग्न करणारांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताही धर्म पाळत नाही असे लिहून द्यावे लागे. सगळ्या धर्मांच्या मुळाशी असलेला एक धर्म शोधायला निघालेल्या माणसांच्या हाती सरकारने हा कागद ठेवला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती सक्ती नाहीशी केली. आज कोणत्याही दोन धर्मांची माणसे आपापला धर्म राखून लग्न करू शकतात. फुल्यांच्या त्या घराला स्वतंत्र भारताने कायद्याचा उंबरठा दिला.

पण याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक वही आहे. लग्नाची नोटीस तीत नोंदवायची आणि ती वही कुणालाही, विनाशुल्क, पाहता आली पाहिजे. शिवाय नोटीस कचेरीत ठळक जागी लावायची. तीस दिवस कुणीही आक्षेप घ्यावा. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्या जोडप्याला यातले काही नाही. १८६० साली नावे मिळवायला चोरी करावी लागली होती, १८९० साली वर्तमानपत्रात छापावी लागली होती. आता कचेरीत जाऊन उभे राहिले की झाले. त्या तीस दिवसांत मुलीच्या घरच्यांना फोन जातात, भावांना निरोप जातात, गावातल्या संघटनांचे लोक कचेरीत चकरा मारतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली नोटीस जाहीर करणे जोडप्याच्या मर्जीवर सोडले. कायद्याचा मजकूर मात्र तसाच आहे.

महाराष्ट्र सरकारने तर डिसेंबर २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर काही दिवसांत ‘आंतरजातीय’ तेवढे वगळले. आंतरधर्मीय राहिले. घरच्यांशी संपर्क तुटलेल्या मुलींच्या मदतीसाठी, असे कारण कागदावर होते. मदत हवी असणाऱ्या मुलीला कुठे जायचे ते सांगता येते. त्यासाठी तिची नोंद घेत हिंडावे लागत नाही. फुल्यांच्या राज्यात चार धर्मांचे घर हा सरकारी चौकशीचा विषय झाला, याची लाज कुणाला वाटल्याचे दिसले नाही. सर्व धर्मांचे सार एक आहे, हे सांगणारे त्या महिन्यातही व्यासपीठांवर होते. या समितीबद्दल त्यांतल्या बहुतेकांनी तोंड उघडले नाही.

या मंडळींना दोन कामे सुचवावीशी वाटतात. विशेष विवाह कायद्यातली उघडी वही आणि भिंतीवरची नोटीस रद्द करण्याची मागणी त्यांनी आपल्या प्रत्येक सर्वधर्म परिषदेत पहिल्या ठरावात करावी, ईश्वराच्या एकत्वाचा ठराव नंतर घ्यावा. दुसरे काम त्याहून जवळचे आहे. या कायद्याखालच्या लग्नाला तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरच्यांनी पाठ फिरवलेल्या जोडप्यांना हे तिघे मिळता मिळत नाहीत. जो येतो तो घाबरत येतो. प्रार्थना समाजाचा, सत्यशोधक समाजाचा, आंबेडकरी चळवळीचा वारसा सांगणाऱ्या मंडळींनी आपापल्या जिल्ह्यात अशा सह्या करायला तयार असलेल्यांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांकांसह, स्वतः छापून जाहीर करावीत. विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत कोणत्या वारी कोण हजर असेल, तेही त्यात लिहावे.